आर्लिसच्या डाव्या खिशातली जागा

"पुसायचं, तेलाचा एक थेंब द्यायचा आणि मिटायचं. घासायचं मात्र नाही, आर्लिस. चमक आणायच्या नादात त्याचं नाव पुसून टाकशील."

मित्रांनो, ओरेन टॅकेट आपल्या मुलाला हे सांगत होते तेव्हा मी त्यांच्या उशाशी, पाण्याच्या पेल्याजवळ मिटून पडलो होतो. त्यांचा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. आर्लिसने मान हलवली, मला उचललं आणि आपल्या डाव्या खिशात ठेवलं. त्या खिशात मी जेमतेम दीड वर्ष राहिलो. तरीही आज कुणी मला विचारलं, बाबा रे, तुझं घर कुठलं, तर मी तोच खिसा सांगेन.

मी तीन पात्यांचा एक जुना चाकू आहे. मिटलो की तुमच्या मधल्या बोटाएवढा. माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका नदीकाठी, टेलफर बंधूंच्या कारखान्यात झाला. माझी पाती पोलादाची, आतले पत्रे पितळेचे आणि मुठीला दोन्ही बाजूंनी हाड. कुठल्या तरी दूरच्या कुरणात चरलेल्या गुराच्या नडगीचं ते हाड. झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून त्याला तपकिरी रंग दिला होता. त्या मुक्या जिवाचं मी रोज स्मरण करतो. त्याने मला पकड दिली.

सगळे भाग जोडून झाल्यावर एका वयस्क कारागिराने मला खिडकीसमोर धरलं. पातं आणि स्प्रिंग यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली असती तर मी परत गेलो असतो. रेघ दिसली नाही. मग त्याने माझं मोठं पातं कानाजवळ उघडलं आणि मिटलं. अडखळत नाही, सरकन उघडतो, त्याला आमच्यात 'चालतो' म्हणतात. मिटताना 'टक्' असा नेमका आवाज येतो, त्याला 'बोलतो' म्हणतात. "चालतोय आणि बोलतोय," एवढंच म्हणून त्याने मला तेलकट कागदात गुंडाळलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

टेनेसीतल्या केलर्स फोर्ड गावच्या दुकानातून ओरेन यांनी मला घेतलं, ते तंबाखू विकून परतताना. त्यानंतरची तीस वर्षं मी कामाशिवाय एक दिवस काढला नाही. खेचरांच्या खोगिराच्या वाद्या कापल्या, पिंपांची बुचं काढली, सफरचंदाच्या फांद्यांवर कलमं बांधली, बोटांतले काटे काढले. दुपारी बांधावर मक्याचा पाव आणि ताक असे, तेव्हा कांदा मीच चिरत असे. आणि दिवेलागणीला, जेवणाआधीची प्रार्थना म्हणण्यापूर्वी, ओरेन मला खिशातून काढत. मऊ फडक्याने पुसत. सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडत. मग 'टक्'. हा त्यांचा नेम होता. ताप असो, पाहुणे असोत, पीक बुडालेलं असो, नेम चुकला नाही. मित्रांनो, नेमाची ऊब काय असते ते मला त्या हातांनी शिकवलं. आपली आठवण रोज एकदा कुणाला तरी येणार आहे, हे ठाऊक असलं की अंगावर गंज चढत नाही.

त्या शेतावर होबर्ट पिपकिन नावाचा एक गडी होता. आईबाप लहानपणीच गेलेले, अनाथघरात वाढलेला, अंगाने आडवा आणि बोलायला फटकळ. ओरेन मला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत, फक्त होबर्टला देत. तोही रिवाज पाळायचा. उघडा घेतला तर उघडा परत करायचा, मिटलेला घेतला तर मिटलेला. ओरेन शेवटच्या आजारात पडले तेव्हा आर्लिस आणि होबर्ट आळीपाळीने त्यांच्याजवळ बसले. सख्ख्या लेकाने करावं तेवढं होबर्टने केलं. पण जाताना ओरेन यांनी मला आर्लिसकडे दिलं. तसंच व्हायला हवं होतं. होबर्ट तेव्हा दारात उभा होता आणि त्याने मान वळवून अंगणाकडे पाहिलं, एवढं मला आठवतं.

आर्लिसने वडिलांचा नेम जसाच्या तसा पुढे चालवला. त्याच्या हातांना ओरेन यांच्या हातांचाच वास होता, तंबाखूचा आणि घोंगडीचा. मी सुखी होतो.

आता तुम्हाला केलर्स फोर्डचा शनिवार सांगायला हवा. शनिवारी कोर्टाच्या आवारात, मेपलच्या झाडांखाली, बाकांवर मंडळी जमत. हातात सीडरच्या लाकडाचा तुकडा घेऊन उगाच तासत बसायचं. काही घडवायचं नाही, नुसत्या लांब लांब साली काढायच्या आणि गप्पा मारायच्या. तासून झालं की चाकूंची अदलाबदल. त्यातली सगळ्यात गमतीची म्हणजे बंद मुठीची. दोघांनी आपापला चाकू मुठीत झाकून पुढे करायचा, न पाहता एकमेकांचा घ्यायचा आणि मग मूठ उघडायची. म्हणून प्रत्येकाजवळ दोन चाकू असत. डाव्या खिशात स्वतःचा, तो कधीच द्यायचा नाही. उजव्या खिशात बदलायचा. तो बहुतेक मोडकाच असे, कारण समोरच्याला हातोहात फसवण्यातच सगळी मजा होती. एकदा होबर्टच्या चाकूबद्दल कुणी तरी म्हणालं होतं, "याने लोणी कापायला गेलो, तर लोण्यानेच त्याला वाकवलं." त्यावर होबर्ट म्हणाला, "तुझ्या घरचं लोणी असेल ते. त्याला कुऱ्हाड लागते."

एकच गोष्ट सगळे कसोशीने पाळत. मूठ उघडल्यावर परत मागायचं नाही. मागितलं तर बाकावरची माणसं सरकून जागा देणं बंद करत.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या सप्टेंबरात तंबाखूची झाडं काठीला ओवताना काठीचं लोखंडी टोक आर्लिसच्या डाव्या तळव्यात शिरलं. नेव्हाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हात मनगटापर्यंत बांधून टाकला. डावा हात खिशात जाईना, म्हणून आर्लिसने मला उजव्या खिशात ठेवलं. तिथे माझ्याच मापाचा, टोकं मोडलेला एक टाकाऊ चाकू आधीच होता. दोन दिवस आम्ही एकमेकांना घासत राहिलो.

शनिवारी होबर्टने हाक मारली. "ये आर्लिस, आज तुला लुटतो."

"तू? तुला लुटायला आधी कुणी शिकवावं लागेल," आर्लिस म्हणाला आणि कुणाशी तरी पावसाबद्दल बोलता बोलता त्याने उजव्या खिशात हात घातला.

त्याची बोटं माझ्यावर मिटली.

मला ओरडायचं होतं, मित्रांनो. पण माझ्याजवळ एकच आवाज, आणि तोही कुणी उघडून मिटलं तरच. मी मुठीतून मुठीत गेलो. आर्लिसच्या हाती एक गंजलेला, एका पात्याचा चाकू आला. बाकावर हसू उसळलं आणि तोही हसला. त्या गडबडीत होबर्टच्या तळहातावर काय आलंय ते कुणी पाहिलं नाही.

होबर्टने पाहिलं. तो हसला नाही. त्याने बोटं हळूच मिटली, मला सदऱ्याच्या खिशात ठेवलं, जिथे छाती धडधडते तिथे, आणि गाई दोहायच्या आहेत असं काहीबाही पुटपुटत तो निघून गेला.

दिवेलागणीला आर्लिसने फडकं काढलं असेल, तेलाची कुपी काढली असेल, खिशात हात घातला असेल. पुढचं मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो. मला एवढंच ठाऊक की होबर्टच्या घराबाहेर बूट वाजले, आणि आर्लिस धापा टाकत दारात उभा राहिला. मी टेबलावर होतो. होबर्टने माझ्याखाली स्वच्छ धुतलेला रुमाल पसरला होता.

आर्लिसने तोंड उघडलं. पण आधी होबर्ट बोलला.

"काही बोलू नकोस. सगळ्यांसमोर उघड दिला असतास तर मी घेतला नसता, हे तुला ठाऊक होतं. म्हणून मुठीत झाकून दिलास ना?" त्याने नाक ओढलं. "मला आजवर कुणी आठवण म्हणून काही दिलं नव्हतं, आर्लिस. माझ्याकडे कुणाची आठवणच नव्हती. ओरेननी मला मुलासारखं वागवलं, पण मला वाटायचं, ते मला एकट्यालाच वाटतंय. तुलाही तसं वाटतं हे आज कळलं."

आर्लिस माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा बांधलेला हात दाराच्या चौकटीवर होता. एक शब्द पुरेसा होता. 'चुकून' एवढा एकच शब्द. होबर्टने त्याच क्षणी मला परत केलं असतं, आणि मग बहुधा जन्मभर कुणाच्या दारात पाऊल टाकलं नसतं.

"नीट सांभाळ," आर्लिस म्हणाला. आणि मागे वळून निघून गेला.

त्या दिवसापासून एकोणचाळीस वर्षं मी होबर्टचा झालो. दूरच्या देशी गेलो असतो तर एक वेळ विसरलो असतो. पण तसं नव्हतं. दर शनिवारी त्याच बाकावर होबर्ट मला उघडून बसे, आणि दोन हातांवर आर्लिस बसलेला असे. तो दुसऱ्या कुठल्या तरी चाकूने सीडर तासायचा. बोलताना त्याची नजर माझ्यावर यायची आणि तासलेल्या सालीवर उतरायची. मला वाटे, आता तो म्हणेल, बघू जरा. नुसतं बघू म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने कधी म्हटलं नाही. माझा 'टक्' ऐकला की त्याचा हात एक क्षण थांबत असे. ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

होबर्ट वाईट नव्हता. तो मला कधीही, कुणालाही बदलून द्यायला तयार झाला नाही. "हा ओरेनचा आहे," असं तो अभिमानाने सांगे. पण नेम त्याच्या स्वभावातच नव्हता. कधी महिनाभर तेल नाही. खिशातला कचरा आणि तंबाखूचा भुगा माझ्या पोटात साचत गेला. लहान पात्यावर गंजाचा एक ठिपका उमटला, मग दुसरा. मला राग येत नसे. फक्त संध्याकाळ झाली की मी वाट पाहत असे, आणि फडकं येत नसे.

एकदा मात्र मोठंच संकट आलं. होबर्टला वाटलं, ओरेनचा चाकू असा काळवंडलेला बरा दिसत नाही. त्याने पितळ चकचकीत करायच्या मसाल्याची डबी आणली आणि बाकावर बसून मला उघडलं. मोठ्या पात्याच्या अगदी मुळाशी, जिथे ते मुठीत शिरतं, तिथे माझ्या कारखान्याचा शिक्का आहे. बोट ठेवलं तर झाकला जाईल एवढासा. आणि पोलादावर वर्षानुवर्षांच्या वापराने जी करडी झाक चढते, ती आमची कातडी असते. ती घासून काढली की चाकू नवा दिसतो, पण मग तो कुणाचाच राहत नाही.

"घासू नकोस," आर्लिस म्हणाला.

होबर्टने वर पाहिलं. "का रे? तुझा नाही राहिला तो आता."

बाकावरचे दोघेतिघे हसले. आर्लिसचं तोंड कानापर्यंत लाल झालं.

"नाही, माझा नाही," तो म्हणाला. "पण घासू नकोस."

होबर्टने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, डबी बंद केली आणि पुढच्या शनिवारी ती कुणाला तरी देऊन टाकली. कारण त्याने विचारलं नाही. त्या बाकावर कारणं विचारायची पद्धत नव्हती. माझं नाव असं वाचलं.

वर्षं गेली. मेपलची दोन झाडं पाडली गेली, बाकावरची माणसं कमी झाली. नेव्हा वारली. आर्लिसची नजर अधू झाली आणि त्याने शनिवारी येणं सोडलं. होबर्ट अधूनमधून त्याच्याकडे जाई, ओसरीवर बसून येई. तिथे मी खिशातच असे. मग या ऑक्टोबरात होबर्टच्या कानावर आलं की आर्लिसची मुलगी ओहायोहून येते आहे, घर विकलं गेलंय, आणि सोमवारी ती बापाला कायमची घेऊन जाणार. ते ऐकलं तेव्हा होबर्ट मला हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. काय विचार करत होता कोण जाणे. माझ्या मनात एकच होतं. सोमवारनंतर खिशातून ऐकू येणारा आर्लिसचा आवाजही उरणार नाही.

त्याच शनिवारी गावच्या शाळेच्या मोठ्या खोलीत जुन्या चाकूंचं प्रदर्शन भरलं होतं. लांबून लांबून हौशी माणसं आली होती. टेबलांवर हिरवी कापडं, कापडांवर माझी भावंडं रांगेने. काही आयुष्यात कधी उघडलीच गेली नव्हती, अजून तेलकट कागदातच होती. त्यांचं मोल सगळ्यात जास्त, असं लोक म्हणत होते. मला त्यांची थोडी कीव आली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी लुएला नावाच्या एक बाई बसल्या होत्या. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेल्या. चाकू ओळखण्यात त्यांचा हात धरणारं आसपासच्या चार गावांत कुणी नव्हतं. होबर्टने मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, याचं नाव तेवढं वाचून द्या. माझ्या डोळ्यांना दिसत नाही, आणि उद्या एका मित्राचा निरोप घ्यायचाय. त्याच्या वडिलांचा आहे. निदान याची जन्मकथा तरी त्याला सांगेन म्हणतो."

लुएलाबाईंनी हात पुसले आणि मगच मला उचललं. ते मला फार आवडलं. भिंग डोळ्याला लावून त्यांनी आधी पात्याच्या मुळाशी पाहिलं.

"टेलफर बंधू. दोन सरळ ओळींत आहे शिक्का. आधी ते कमानीसारखा ठोकायचे, शेवटच्या पाच-सात वर्षांत सरळ केला. मग कारखाना बंद पडला. म्हणजे हा सव्वीस ते एकतीसच्या मधला." त्यांनी मला उलटं केलं. "हाड खरं आहे. बारीक छिद्रं दिसतायत ना? नकली मुठीत ती नसतात." मग एकेक पातं उघडून त्यांनी तिघांची झाक ताडून पाहिली. एखादं पातं दुसऱ्या चाकूचं काढून बसवलेलं असलं तर रंग दगा देतो. "तिन्ही जन्मापासून एकत्र. आणि कुणी याला घासायच्या यंत्रावर धरलेलं नाही. भाऊ, हे फार क्वचित बघायला मिळतं. घासला कसा नाही तुम्ही?"

"घासणार होतो," होबर्ट म्हणाला. "एकाने घासू दिलं नाही."

बाईंनी मोठं पातं कानाशी नेऊन मिटलं. अंगात एवढा कचरा असूनही मी बोललो. त्या हसल्या आणि एक आकडा सांगितला. होबर्टने नुसती मान हलवली. विकायचा नव्हता.

"निदान पोट तरी साफ करून देते," म्हणत त्यांनी दात कोरायची काडी घेतली. पात्यांच्या खालच्या खोबणीतून चाळीस वर्षांचा भुगा निघाला. मग त्यांनी मला दिव्याखाली तिरकं धरलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"भाऊ, तुमचं नाव काय म्हणालात?"

"होबर्ट."

"मग आर्लिस कोण?"

मित्रांनो, ते अक्षर ओरेन यांचं होतं. आर्लिस जन्मला त्या दिवशी ओरेन यांनी टोच्याने आतल्या पितळेवर कोरलेलं. नाव आणि खाली महिना व साल, मे एकोणीसशे एकतीस. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. मुलाला स्वतःलाच एक दिवस सापडावं असं त्यांना वाटत असेल. आर्लिसला ते सापडायच्या आधीच मी हातचा गेलो होतो. माझ्या पोटात मी ते जपून ठेवलं होतं, पण वाचून कोण दाखवणार?

होबर्टने भिंग घेतलं, पण त्याच्या डोळ्यांना अक्षर लागेना. बाईंनीच त्याला पुन्हा वाचून दाखवलं. त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"तुमच्याकडे कसा आला हा?" बाईंनी हळूच विचारलं.

"बंद मुठीत. त्यानेच दिला. मला वाटलं..." तो थांबला.

लुएलाबाई याच भागात वाढलेल्या. कुठला खिसा कशासाठी, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "त्या दिवशी त्याच्या डाव्या हाताला काही झालं होतं का?"

होबर्टने स्वतःच्या डाव्या तळव्याकडे पाहिलं. खोलीत माणसं हसत होती, घासाघीस करत होती, कुणीतरी कॉफी मागवत होतं.

"बांधलेला होता," तो शेवटी म्हणाला. "चौकटीवर टेकवला होता. मी पाहिला होता तो हात." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याच संध्याकाळी आला होता तो बाई, धावत. मागायलाच आला होता. आणि मी त्याला बोलूच दिलं नाही. एकोणचाळीस वर्षं शेजारी बसला, आणि एकदाही म्हणाला नाही."

"मागितला असता तर तुमच्याजवळची एकुलती एक आठवण त्याने परत नेली असती," बाई म्हणाल्या. "त्याच्याने ते झालं नसेल."

"मी मूर्ख."

"तुम्हीही सांभाळलाच की. नाहीतर मी आज काय वाचलं असतं?"

होबर्टने मला उचललं. बाईंनी विचारलं, आता काय करणार? तो तर निघालाय. आज संध्याकाळीच जाणार का?

"आज नाही. आज शनिवार. आज दिला तर तो म्हणेल, अदलाबदल झालेली आहे, मूठ उघडलेली आहे, मी परत घेत नाही. मी ओळखतो त्याला, खेचराहून हट्टी आहे." होबर्टने टोपी डोक्यावर ठेवली. "उद्या रविवार. रविवारी आमच्यात कुणी चाकू बदलत नाही, पार आजोबांच्या काळापासून. उद्या जे हातात दिलं जाईल त्याला व्यवहार म्हणता येत नाही. उद्या तो नाही म्हणू शकणार नाही."

"नक्की द्याल? घरी गेल्यावर जीव अडकतो, भाऊ. मी टेबलामागे बसून पुष्कळांचा अडकलेला पाहिलाय."

"देईन," होबर्ट म्हणाला. "शब्द दिला तुम्हाला."

त्या संध्याकाळी होबर्टने मला टेबलावर ठेवलं आणि एक मऊ फडकं शोधलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला दिवेलागणीच्या वेळी पुसलं, सांध्यांवर तेलाचा थेंब सोडला, आणि त्याचा हात माझ्यावर थोडा जास्त वेळ राहिला. मला जायचं होतं. जिथे जायचं म्हणून मी चाळीस वर्षं झुरलो तिथे जायचं होतं. तरी त्या हाताखाली मला वाटून गेलं, याच्याकडे आता काय उरणार? मित्रांनो, आस एकाच दिशेची असते असं मी समजत होतो. तसं नसतं.

तुमच्या घरातही असेल कुणीतरी माझ्यासारखा. फडताळात, शिवणाच्या डब्यात, आजोबांच्या जुन्या पेटीत. त्याला चकचकीत करायची घाई करू नका. आधी हात पुसा, मग त्याला उचला, उजेडात तिरकं धरा, आणि त्याच्यावर कुणाचं नाव आहे का ते शांतपणे बघा. रोज एकदा त्याची आठवण काढा. आणि एखादी गोष्ट चुकून आपल्याकडे आली असेल तर ती परत करायला उशीर झाला म्हणून लाजू नका. देणारा हात उशिरा आला तरी, जो वाट पाहतो त्याला तो चालतो.

रविवारी सकाळी होबर्टने दाढी केली, कोट घातला. मला रुमालात गुंडाळायला घेतलं आणि मग रुमाल बाजूला ठेवून दिला. गाडीची किल्ली खुंटीवरच राहू दिली. आर्लिसचं घर चालत पाऊण तासावर होतं, आणि त्याला बहुधा तेवढा वेळ माझ्याबरोबर हवा होता. चर्चची घंटा अजून व्हायची होती. गवतावर दव होतं. त्याने मला उघड्या तळहातावर घेतलं, वाटेत कुणी भेटलं तरी दिसेल असं, फाटक हलक्या हाताने लोटलं, आणि तो रस्त्याला लागला.